बोलिव्हियातली सरकारी घर-फवारणी: खोल्यांना पाच तारे, खुराड्याला दोन

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. कोचाबांबाच्या वरच्या खोऱ्यात बिंचुका, म्हणजे चागास रोग पसरवणारा रक्तपित्या किडा, मारायला आरोग्य खात्याची माणसं घरोघर फवारणी करतात. ती करून घ्याच. एक पैसा लागत नाही, औषध योग्य असतं आणि पंप धरणाऱ्यांना पंप धरता येतो. माणसांच्या खोल्या फवारण्याच्या कामाला पाचपैकी पाच. खुराडं आणि कुईंचा (गिनीपिगांचा) कोंडवाडा यांना दोन. फवारणीची टोळी गेल्यानंतरच्या देखभालीत कार्यालयाला एक आणि गावातल्या स्वयंसेवक मास्तरांना पाच. कृपा करून सरासरी काढू नका, तिच्यातून काही कळणार नाही.

गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खाली तक्रार आहे आणि ती एका कार्यालयापुरती आहे. डोंगरापलीकडच्या नगरपालिकेत तुम्हाला वेगळा अनुभव येऊ शकतो.

मी मूळची आंबेगाव तालुक्यातली, सातगाव पठारावरची. बटाटा हा घरचा धंदा, पुढे तोच शिक्षणाचा विषय झाला, आणि बटाट्यावरच्या करप्याच्या कामासाठी मी त्याच्या माहेरी येऊन पडले. शेतं वर तिराकेच्या बाजूला, थंडीत. राहायला मात्र खाली खोऱ्यात, साधारण 2,700 मीटरवर, एका म्हातारीच्या घरात भाड्याची खोली. भिंती कच्च्या मातीच्या विटांच्या, वर कौलं, मागे अंगण, अंगणात कोंबड्या, एक कुत्रा आणि कुई. कुई म्हणजे गिनीपिग. इथे ते खाण्यासाठी पाळतात. आपल्याकडच्या जुन्या घरात वाढलेल्या माणसाला असं घर पाहिलं की बरं वाटतं. बिंचुकालाही तेवढंच बरं वाटतं.

ज्यांनी नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी: बिंचुका हा ढेकणाचा लांबचा भाऊबंद, पण अंगठ्याच्या पेराएवढा. काळपट, चपटा, लांबोडक्या डोक्याखाली दुमडलेली सोंड, आणि पोटाच्या कडेने पिवळ्या-काळ्या आडव्या पट्ट्यांची किनार. ही किनार एकदा नीट पाहून ठेवा, नंतर चूक होत नाही. दिवसा भिंतीच्या भेगेत, तसबिरीमागे, गादीच्या खाली किंवा छपराच्या वाश्यात बसतो. रात्री बाहेर येतो, कधी वरून थेट अंथरुणावर टपकतो आणि पंधरा-वीस मिनिटं निवांत रक्त पितो. दुखत नाही, त्यामुळे जाग येत नाही. पिता पिता तिथेच घाण करून जातो. रोगाचा परजीवी त्या घाणीत असतो. झोपेत आपण खाजवतो, तो हात डोळ्याला किंवा चावलेल्या जागी लागतो, आणि काम झालं. पुष्कळदा काहीच लक्षण दिसत नाही. कधी एका डोळ्याची पापणी सुजते, थोडा ताप येतो, जातो. मग वीस-तीस वर्षांनी साधारण तीनातल्या एकाचं हृदय कुरकुरायला लागतं. काहींची अन्ननलिका किंवा मोठं आतडं फुगतं.

याचं नाव चागास. कार्लोस चागास हा ब्राझीलचा डॉक्टर. मिनास जेराइस प्रांतात लासांस नावाच्या गावी रेल्वेमार्गाच्या मजुरांमधला हिवताप आवरायला त्याला पाठवला होता. तिथे लोकांनी त्याला घरातला हा रक्तपित्या किडा दाखवला. त्याने त्याच्या आतड्यात परजीवी पाहिला, आणि 1909 च्या एप्रिलमध्ये बेरेनीसे नावाच्या दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात तोच सापडला. किडा, परजीवी आणि आजार, तिन्ही एकाच माणसाने शोधल्याची उदाहरणं फारशी नाहीत. एवढं सगळं कळूनही आज जगात साठ-सत्तर लाख माणसं या परजीवीसह जगत आहेत, आणि लोकसंख्येच्या मानाने सगळ्यात जास्त बोलिव्हियात. लस नाही. म्हणून सगळी भिस्त भिंतीवर.

आता सेवा. फवारणीच्या आधी कोणीतरी येऊन घर तपासतं. आमच्याकडे दोघं आले, हातात विजेरी आणि लांब चिमटा. त्यांनी माझ्या खोलीतलं कॅलेंडर भिंतीवरून उचललं आणि मला जवळ बोलावलं. मागच्या चुन्यावर वरून खाली ओघळलेल्या बारीक रेघा होत्या, काही शाईसारख्या काळ्या, काही फिकट पिवळसर. मला त्या ओल वाटल्या असत्या. त्यांनी भेगेत एक फवारा मारला. तो किडे मारायचा नव्हता, चिडवून बाहेर काढायचा होता. थोड्या वेळाने दोन पिल्लं बाहेर आली, बिनपंखांची, एक पोट भरून फुगलेलं आणि दुसरं कागदासारखं चपटं. चिमट्याने डबीत टाकली, डबीवर घराचा क्रमांक आणि 'खोलीच्या आत' असं लिहिलं. कुठे सापडला हे त्यांच्या दृष्टीने सापडण्याइतकंच महत्त्वाचं असतं. पिल्लं आत सापडली म्हणजे किड्यांनी तिथे संसार थाटलेला आहे, एखादा पाहुणा दिव्याकडे उडून आलेला नाही.

फवारणीच्या दिवसाचा खरा त्रास औषधाचा नाही, सामानाचा आहे. सगळं बाहेर काढायचं. खाट, गाद्या, भांडी, कपडे, देवाच्या तसबिरी, मक्याची पोती, पेरणीचे बटाटे, चुन्योच्या गोण्या. चुन्यो म्हणजे थंडीत गोठवून, पायांनी तुडवून वाळवलेला बटाटा, वर्षानुवर्षं टिकतो, आणि आमच्या घरमालकीण डोन्या फेलिसांकडे तो बहुतेक त्यांच्या लग्नापासूनचा असावा. सकाळी आठ वाजता आमच्या अंगणाचा पुनाताचा मंगळवारचा बाजार झाला होता. म्हाताऱ्या, एकट्या माणसाला हे जमणारं नाही. सामान हलवायला टोळीतलं कोणी हात लावत नाही, आणि लावू नये असाच नियम असावा, पण मग शेजारचे चार हात आधी ठरवून ठेवा. ज्या घरांत हात नसतात ती घरं 'आज नको' म्हणतात, वहीत 'बंद' अशी नोंद होते, आणि किडे त्या घरात टिकून राहतात. सेवेतली ही पहिली खोट.

पंपाबद्दल मात्र मनापासून चांगलं लिहिते. फवारणी हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, त्यामुळे डोळा तिकडेच. पत्र्याचा हवा भरून चालणारा पंप, चपटा पंखा पडणारं नोझल. औषध पायरेथ्रॉइड या कीटकनाशकांच्या गटातलं, पाण्यात कालवायचं. अशी औषधं टाकीत तळाला बसतात, आणि आपल्याकडे किती तरी जण एकदा काठी फिरवून मोकळे होतात. आमच्याकडे पंप धरणाऱ्या मुलाने प्रत्येक खोलीच्या आधी टाकी हलवली. नोझल भिंतीपासून हातभर अंतरावर, म्हणजे पुस्तकात लिहिल्याप्रमाणे 45 सेंटिमीटर, आणि ते अंतर खोली संपेपर्यंत बदललं नाही. वरून खाली एक पट्टा, एक पाऊल बाजूला, खालून वर दुसरा, पहिल्याच्या कडेवर किंचित चढवून. भिंत ओली दिसली पाहिजे आणि ओघळ आला नाही पाहिजे. ओघळ आला म्हणजे औषध जमिनीवर गेलं. एकही ओघळ नव्हता. दाराची मागची बाजू, खिडकीची चौकट, खाटेचा खालचा भाग, आढ्याजवळचे कोपरे, सगळं झालं. तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचा डगला, उन्हात. मी त्याला पाणी दिलं तर त्याने आधी साबणाने हात धुतले. त्याच्या खात्यात पाच तारे इथेच जमा झाले.

भिंती सुकेपर्यंत आत जायचं नाही, मुलं आणि कुत्रं बाहेर. सुकल्यावर जमीन झाडून घ्यायची, भिंत नाही. भिंतीला झाडू, फडकं, चुना, काही लावायचं नाही. या औषधाचं काम त्या दिवशी संपत नाही, खरं तर तेव्हा सुरू होतं. अंड्यांवर ते फारसं चालत नाही. पुढे अंडी फुटतात, पिल्लू बाहेर पडून त्या भिंतीवरून चालतं आणि मरतं. म्हणून भिंतीवरचा थर महत्त्वाचा.

हे ऐकताना मला आमची आजी आठवली. पठारावर हिवतापाची फवारणी व्हायची, दारावर तारीख टाकून माणसं जायची, आणि त्यांची पाठ वळली की आजी शेणमातीने भिंती सारवून काढायची. औषधाचा वास तिला खपत नसे. त्या सारवणाखाली सरकारचं किती औषध गाडलं गेलं असेल! इथे तीच गोष्ट नोव्हेंबरच्या सुरुवातीला होते. तोदोस सांतोसला घरातल्या मेलेल्या माणसांचे आत्मे जेवायला येतात, त्यांच्यासाठी पानं मांडतात, आणि पाहुणे येणार म्हणून भिंती चुन्याने उजळतात. फवारणी सप्टेंबर-ऑक्टोबरात झालेली असेल तर ती चुन्याखाली जाते. टोळीने हे डोन्या फेलिसांना एका वाक्यात सांगितलं, तेही स्पॅनिशमध्ये. त्या क्वेचुआत, इथल्या डोंगराळ भागातल्या बोलीत, विचार करतात. मी पुन्हा सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "मामिता, माझा नवरा काय काळ्या भिंतीकडे बघत जेवेल का?" शेवटी समोरची एकच भिंत रंगवायची यावर तोड निघाली. तारीख ठरवणाऱ्यांनी सणाचं कॅलेंडर बघितलं असतं तर ही तोड काढावी लागली नसती.

फवारणीनंतरच्या पहिल्या काही दिवसांसाठी मन घट्ट करा. पायरेथ्रॉइड आधी किड्याला पिसाळवतं, मग मारतं. इतके दिवस न दिसलेले बिंचुका भरदिवसा भिंतीवरून पाय थरथरवत उतरतात, उताणे पडतात. गावातली निम्मी घरं तेव्हा म्हणतात की फवारणीनेच किडे आणले. तसं नाही, ते आधीच होते. मेलेले गोळा करून पुरा, हाताने नाही. आणखी एक गंमत: गावकरी फवारणीची परीक्षा बिंचुकावर करतच नाहीत, पिसवा आणि ढेकणांवर करतात. बिंचुका रात्रीचा चोर, तो दिसत नाही. पिसवा चावतात. पिसवा गेल्या तर औषध चांगलं, नाही गेल्या तर पाण्यात पाणी. डोन्या फेलिसांच्या पिसवा गेल्या, त्या खूश.

आता ते दोन तारे. खोल्या आटोपल्यावर टोळी मागे आली, कोंबड्यांच्या खुराड्यावरून एक हात फिरवला आणि कुईंच्या कोंडवाड्यापाशी थांबली. कोंडवाडा दगड आणि मोडक्या विटा एकावर एक रचून केलेला, कंबरेएवढा उंच, भेगाच भेगा. कुई बाहेर काढायला हव्या होत्या, त्या काढलेल्या नव्हत्या, कारण काढायला हव्यात हे कुणी सांगितलेलं नव्हतं. टाकी संपत आली होती, पुढची घरं बाकी होती. "परत येऊ," असं म्हणाले आणि वहीत सही घेतली. त्या वहीप्रमाणे आमचं घर पूर्ण फवारलेलं आहे.

हे माझ्या मते साधं दुर्लक्ष नाही, सेवेच्या आराखड्यातच बसलेली चूक आहे. बिंचुकाला माणसाचंच रक्त हवं असं काही नसतं. कोंबडी चालते, कुत्रा चालतो, कुई तर पंगतच. कोंबडीला हा परजीवी लागत नाही, पण ती किड्यांची फौज पोसते. कुत्र्याला आणि कुईला तो लागतो, आणि त्यांच्याकडून किड्यात पुन्हा येतो. खोलीच्या सावलीत औषधाचा थर महिनोन् महिने काम करतो. अंगणात ऊन, पाऊस, धूळ, विष्ठा, आणि औषधाचा दम लवकर सुटतो. त्यात ही पिल्लं रक्ताशिवाय महिनोन् महिने तग धरतात. म्हणजे जिथे औषध सगळ्यात कमी टिकतं आणि किडा सगळ्यात जास्त असतो, ती जागा शेवटी, उरलेल्या अर्ध्या टाकीत. मी असते तर कोंडवाड्यापासून सुरुवात केली असती.

पेरूच्या आरेकिपात हाच प्रश्न शहराच्या वस्त्यांत आला. तिथेही मोहिमेला कुईंच्या कोंडवाड्यांमागे लागावं लागलं. उपाय काही अवघड नाही. कोंडवाडा घराच्या भिंतीला टेकवायचा नाही, जमिनीपासून उचलून जाळीचा करायचा, तळाची घाण वेळेवर काढायची, दगडी भिंत असेलच तर भेगा भरायच्या. आम्ही जुन्या पलंगाच्या लोखंडी चौकटीवर जाळी ताणून केला. कुई दोन दिवस रुसल्या, मग खायला लागल्या.

टोळी परत आली नाही. कार्यालयात जाऊन विचारलं तर कधी गाडीला डिझेल नाही, कधी औषध राजधानीतून यायचं आहे, कधी साहेब बैठकीला. मला यात नवीन काहीच नाही, पंचायत समितीच्या बाकावर बसून मी मोठी झाले आहे. 2006 साली या देशाने चागासविरुद्धचं काम राष्ट्रीय प्राधान्याचं म्हणून कायदा केला. कायदा चांगला आहे. त्याला डिझेल लागतं.

इथे मास्तरांची गोष्ट. बोलिव्हियात गावोगाव एक माहितीचं ठिकाण नेमलेलं असतं, कुठे दवाखान्यात, कुठे शाळेत, कुठे दुकानात. घरात किडा सापडला की तो तिथे आणून द्यायचा. आमच्या गावात हे काम शाळेतल्या मास्तरांकडे आहे, पगार शून्य. वर्गाच्या कपाटात एक वही आणि रिकाम्या काडेपेट्यांचा ढीग. मुलं किडे आणतात, काडेपेटीवर घराचं नाव, तारीख, आत की अंगणात हे लिहितात. चिरडून आणलेला किडा मास्तर घेतात, पण आधी ओरडतात. चिरडताना हाताला घाण लागते, आणि त्याच्या आतड्यात परजीवी आहे का हे सूक्ष्मदर्शकाखाली बघायलाही तो धड हवा. प्लॅस्टिकची पिशवी हातात उलटी घालून पकडायचा, पिशवी सुलटी करून गाठ मारायची, झालं. आमच्या कोंडवाड्यातले दोन मोठे किडे मी असेच नेऊन दिले. मास्तरांनी पावती फाडली. होय, पावती. तिची एक प्रत त्यांनी स्वतः बाजाराच्या दिवशी कार्यालयात नेऊन चिकटवली आणि उलट सही घेतली. त्यानंतर टोळी आली. माझ्या चकरांनी जे झालं नाही ते काडेपेटी आणि पावतीने झालं. ज्या गावात राहायला जाल तिथे पहिल्या आठवड्यात हा माणूस कोण आहे ते शोधा.

लोक मला विचारतात की मग दुकानातून काही आणून मारत का नाही. बाजारात मिळणारे डासा-झुरळांचे डबे भेगेच्या तोंडापर्यंत पोचतात. किडा पिसाळून बाहेर येतो, दोन-चार मरतात, बाकीचे शेजारच्या खोलीत. थर राहत नाही. त्यापेक्षा वाईट म्हणजे शेतीच्या दुकानातून बटाट्यावर मारायचं औषध बाटलीत सुटं आणून खाटेखाली शिंपडणारे. हे मी इथे पाहिलं आहे आणि आंबेगावातही पाहिलं आहे, ढेकणांसाठी. ते औषध उघड्या शेतासाठी आहे, बंद खोलीत बाळाच्या पाळण्याखाली नाही. कोणी सुचवलं तर त्याच्याशी वाद घालत बसू नका, बाटली काढून घ्या.

फवारणीइतकाच, किंबहुना जास्त भरवसा मी गिलाव्यावर ठेवते. भेग नसेल तर किड्याने राहायचं कुठे? कच्च्या विटांच्या भिंतीला आधी माती आणि चिरलेल्या गवताचा जाड हात, तो पूर्ण वाळून त्याला तडे गेले की ते भरून बारीक चाळलेल्या मातीचा दुसरा हात, आणि जमलं तर वरून जिप्समचा पातळ लेप. मी शेण घालायचं सुचवलं तेव्हा गवंडी हसला. डोन्या फेलिसा हसल्या नाहीत, त्यांच्या आईकडे घालत असत. क्रम महत्त्वाचा: गिलावा आधी, वाळू द्यायचा, फवारणी नंतर. ग्वातेमालात हुतियापा भागात सान कार्लोस विद्यापीठाच्या लोकांनी गावातल्या बायकांना बरोबर घेऊन असंच काम केलं. तिथला किडा वेगळ्या जातीचा, फवारणीनंतर बाहेरून पुन्हा पुन्हा घरात शिरणारा. त्यांनी तिथलीच ज्वालामुखीची वाळू आणि चुना वापरून गिलावा केला, जमिनी घट्ट केल्या, कोंबड्या घराबाहेर काढल्या. इथल्या सेवेत गिलाव्याचं काही नाही. सल्ला आहे, माती तुमची, मजुरी तुमची.

फवारणीने काहीच होत नाही असं म्हणणारेही भेटतील. त्यांना उरुग्वे दाखवा. 1991 मध्ये दक्षिणेकडच्या सहा देशांनी मिळून मोहीम सुरू केली. या किड्यामार्फत होणारा प्रसार थांबल्याचं प्रमाणपत्र उरुग्वेला 1997 मध्ये मिळालं, चिलीला 1999 मध्ये, ब्राझीलला 2006 मध्ये. तीही फवारणीच होती, फरक इतकाच की ती फेऱ्या न चुकवता वर्षानुवर्षं केली. बोलिव्हियाचं दुखणं थोडं जास्त खोल आहे. याच आंदीजच्या खोऱ्यांत हा किडा घराबाहेर, दगडांच्या राशींत, रानउंदरांबरोबरही राहतो. शिवाय दक्षिणेला अर्जेंटिनाच्या सीमेवर, याकुइबाच्या बाजूला, पायरेथ्रॉइडला दाद न देणारे किडे सापडले आहेत. तिकडे जाणार असाल तर कोणतं औषध मारतात हे विचारा. जुन्या लोकांनी डीडीटीही मारून पाहिलं होतं, या किड्याला ते फारसं लागू पडलं नाही. हिवतापाच्या मोहिमेने डास मारले आणि हा भिंतीत मजेत राहिला.

"आपल्याकडे आहे का हो हे?" हा प्रश्न प्रत्येक फोनला येतो. चागास भारतात नाही. या कुळातला एक किडा मात्र आहे, बंदरांच्या शहरांत उंदरांच्या संगतीने राहणारा, आणि उंदरांचा एक वेगळा परजीवी तो वाहतो, जो माणसाला धरत नाही. चागासचा परजीवी ज्या घराण्यातला, त्या ट्रिपॅनोसोमाच्या घराण्याशी महाराष्ट्राची एक वेगळी गाठ पडलेली आहे: चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला जनावरांच्या सर्रा रोगाचा परजीवी लागल्याची नोंद 2005 मध्ये प्रसिद्ध झाली, माणसातली तशी ती पहिली. तेव्हा गोठ्यात झोपणाऱ्या आजोबांना घाबरवू नका, पण जनावर सर्राने आजारी असेल तर डॉक्टरला दाखवा.

इथे काही महिने राहणार असाल तर माझा सल्ला असा. खोली घेताना भिंत बघा, भाडं नंतर. खाट भिंतीपासून हातभर पुढे ओढा, मच्छरदाणी लावा आणि ती गादीखाली खोचा. तसबिरी, कॅलेंडर भिंतीला चिकटवू नका. कुत्रा खोलीत झोपवू नका, कितीही गोड असला तरी. टोळी येणार असं कळलं की आदल्या संध्याकाळी कुई आणि कोंबड्या हलवून ठेवा आणि टोळीप्रमुखाला दारातच सांगा: "आधी मागे चला." चहा आधी नाही, नंतर. आणि वहीत सही करण्यापूर्वी काय काय फवारलं ते वाचा. मी आता 'कोंडवाडा बाकी' असं स्वतःच्या हाताने लिहून मग सही करते. त्यांना आवडत नाही.

मुक्काम संपवताना रक्त तपासून घ्या, लक्षण असो वा नसो. नुकता लागलेला रोग औषधाने बरा होण्याची शक्यता बरीच असते, आणि बाळाला आईकडून जन्मतः लागला असेल तर पहिल्या वर्षात दिलेल्या औषधाने जवळजवळ खात्रीने. बेंझनिडाझोल साठ दिवस घ्यावं लागतं, अंगावर पुरळ उठते, कंटाळा येतो. हे औषध पुण्याच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेल अशी आशा धरू नका, म्हणून चाचणी इथेच करा. निकाल हातात येईपर्यंत रक्तदानही करू नका, कारण हा परजीवी रक्ताच्या पिशवीतूनही जातो, आणि आपल्याकडच्या रक्तपेढीत त्याची नेहमीची तपासणी होत नाही.